क्लचबाईंचा डावा पाय

गाडी शिकून झाली का, असं आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही. ‘काय, बाईंनी मांडी घातली का?’ असं विचारतात. बाहेरून आलेला माणूस बुचकळ्यात पडतो. पडू दे. ज्याला गाडी शिकायची असते त्याला पुढे आपोआप कळतं.

या बाई म्हणजे क्लचबाई. त्यांचं खरं नाव लायसन्सवर आहे आणि तिथेच राहिलंय. भल्या सकाळी त्यांची पांढरी गाडी गल्लीतून निघायची. छपरावर शिकाऊची पाटी, आत घामाघूम झालेलं कुणीतरी, आणि बंद काचेतूनही ऐकू येणारा एकच जप, ‘क्लच! क्लच! अहो, क्लच!’ दूधवाला, पेपरवाला, फिरायला निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांनी तो इतकी वर्षं ऐकला की बाईंचं नावच ते पडलं. आधी त्यांना राग यायचा. मग लक्षात आलं की बँकेतले मोठे साहेबसुद्धा पाठीमागे तेच म्हणतात. म्हणाल्या, म्हणा बापडे.

बाईंच्या ड्रायव्हिंग शाळेच्या त्या गाडीत पेडलं दोन्हीकडे होती. शिकणाऱ्याच्या पायाखाली असतात तशीच शेजारी बाईंच्या पायाखाली, एक क्लच आणि एक ब्रेक. शिकाऊने क्लच सोडताना घाई केली की बाईंचा डावा पाय हळूच आपला क्लच दाबायचा. दोन्ही आतून जोडलेले, त्यामुळे शिकाऊच्या पायाखालचा क्लचही गुपचूप खाली जायचा आणि आचके देणारी गाडी सावरायची. शिकाऊला वाटायचं, वा, जमायला लागलं की आपल्याला! बाई तोंडाने ओरडत राहायच्या आणि पायाने सांभाळून घ्यायच्या. तोंड फाटकं, पण पाय मायेचा.

आणि मग एक दिवस, ऐन बाजारच्या रस्त्यावर, शिकाऊ नाकासमोर बघत चाललेला असताना, बाई चपला काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून बसायच्या. पट्टा लावलेला, हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. बोलायच्या काहीच नाहीत. शिकाऊची नजर केव्हातरी तिकडे जायची आणि त्याच्या डोक्यात उजेड पडायचा, की बाईंचे पाय तर वर आहेत. मग मघापासून गाडी चालवतंय कोण? मी? एकटा? कुणी हसायचं, कुणी रडायचं. एक हवालदार, हा एवढा आडवातिडवा गडी, तो भर रस्त्यात हात जोडून ‘बाई, तुमचे उपकार’ असं सुरू करणार, तेवढ्यात बाई गरजल्या, ‘‘आधी गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, मग उपकार माना!’’

ती मांडी म्हणजेच बाईंची परीक्षा. सरकारी परीक्षा नंतर व्हायची, पण तिची कुणाला भीती वाटायची नाही.

बाईंची दोन वाक्यं सगळ्यांच्या तोंडपाठ होती. कुणी गाडीला नावं ठेवली, म्हणजे क्लच कडक आहे, सीट खाली आहे, आरसा वाकडा आहे, की पहिलं वाक्य यायचं, ‘‘नाचता येईना, अंगण वाकडं.’’ आणि कुणी पुन्हा पुन्हा तीच चूक केली की दुसरं, ‘‘पायाला ‘नको’ म्हटलेलं कळत नाही. त्याला दुसरं काम द्या.’’ हे मात्र त्या ओरडून नाही, शांतपणे सांगायच्या.

तिसरंही एक वाक्य होतं, पण ते त्या फक्त घरात बोलायच्या. बिनगिअरच्या, आपोआप चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या तेव्हा बाई नाक मुरडून म्हणाल्या होत्या, ‘‘ही काय गाडी? ही तर बाबागाडी. नुसतं बसायचं आणि ढकलून घ्यायचं.’’

असो. पुढे हेच वाक्य त्यांच्या गळ्यात आलं, म्हणून सांगून ठेवलं.

आता गुडघ्याने हात टेकले असं म्हटलं तर हसाल, पण झालं तसंच. हजारो लोकांचे क्लच दाबून दाबून बाईंच्या डाव्या गुडघ्याने शेवटी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा, उकिडवं बसू नका, मांडी घालू नका. मांडी नाही म्हणजे शाळा नाही. शाळा त्यांनी आपल्याच एका जुन्या शिष्येच्या हाती दिली, पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, कारण गप्प राहणं त्यांच्या रक्तातच नाही.

शाळा सुटली, पण स्वतःची गाडी सुटली नव्हती. आणि ती सुटून चालणारही नव्हतं, कारण डोंगरापलीकडे अक्का होती.

अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीची वेणी घालण्यापासून तिला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं अक्काने केलं. बायकांनी गाडी शिकून काय करायचंय, असं वडील म्हणाले होते तेव्हा ‘माझ्याकडे यायला शिकेल’ असं ठणकावून सांगणारी अक्काच. आता तिचं कमरेचं हाड मोडून सांधलेलं, दोन्ही पाय अधू, घराबाहेर पडणं बंद. एसटी डोंगराच्या पायथ्याशी सोडते आणि वरचा चढ चालून जाणं बाईंच्या गुडघ्याला शक्य नाही. त्यामुळे दर रविवारी बाई गाडी घेऊन वर जायच्या. अक्काला न्हाऊ घालायच्या, केस विंचरायच्या, तिच्याकडून मनसोक्त बोलणी खायच्या आणि संध्याकाळी परत. बाईंच्या सगळ्या आठवड्याला टेकू होता तो त्या रविवारचा.

त्या वाटेवर पाण्याच्या टाकीपाशी एक चढाचं वळण आहे. एका रविवारी तिथे पुढचा ट्रक थांबला. बाईंनी गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरली, आयुष्यभर धरली तशी. आणि डाव्या गुडघ्यात अशी काही कळ गेली की पाय जागच्या जागी मेला. क्लच सुटला, इंजिन बंद पडलं, गाडी मागे सरकायला लागली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. बाईंनी हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. मागच्या गाडीला नखही लागलं नाही, पण दोन गाड्यांच्या मध्ये वीतभरसुद्धा जागा उरली नव्हती.

शेजारी त्यांचे यजमान बसले होते. ते शिंपी. जन्मभर इंच इंच मोजत आलेला माणूस. गाडी शिकायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. ‘माझं मशीन चालतंय तेवढं पुरे’ म्हणायचे.

‘‘काय झालं गं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काही नाही. मुद्दाम घेतली मागे.’’

शिंपीबुवांनी मात्र मागे वळून पाहिलं होतं, आणि वीत म्हणजे किती हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. घरी गेल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला.

मुलगा कामानिमित्त लांब असतो, महिन्याकाठी घरी येतो. तो आला आणि जेवताना म्हणाला, ‘‘आई, आता पुरे कर. गाडी विकून टाकू. अक्काकडे मी नेईन की तुला.’’

‘‘कधी?’’

‘‘जमेल तसं.’’

‘जमेल तसं’ या दोन शब्दांचा अर्थ ज्याने मुलं वाढवलीयत त्याला सांगावा लागत नाही. बाईंनी घास ताटात ठेवला. मुलगा वाईट नाही हो, लाख मोलाचा आहे, पण त्याचा रविवार त्याच्या मालकाच्या हातात. आणि अक्काजवळ असे किती रविवार शिल्लक होते, हा हिशेब कुणी ताटावर मांडणार नव्हतं.

तेव्हा सून बोलली. ही सून सासूसासऱ्यांजवळ गावातच राहते, इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बोलायला हळू, पण एकदा बोलली की मागे हटत नाही. ती म्हणाली, ‘‘विकायची कशाला? जुनी देऊ आणि ऑटोमॅटिक घेऊ. क्लचच नसला तर गुडघ्याचा प्रश्नच नाही.’’

झालं! बाईंचा पारा सरकन चढला. ‘‘मी? बाबागाडीत? गावभर लोकांना गिअर शिकवले आणि आता मी हात मांडीवर ठेवून बसू? त्यापेक्षा मला मागच्या सीटवर बसवा आणि वर एक दुपटं घाला!’’

सून हसली नाही. ‘‘आई, तुम्हाला अक्कांकडे जायचंय की गिअर टाकायचेत, तेवढं सांगा,’’ म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं बाई पुटपुटल्या खऱ्या. पण हे सुद्धा सांगायला हवं, की बाईंच्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात मठ्ठ शिकाऊ कोण असेल तर ही सून. लग्नानंतर शिकायला बसली. गिअर टाकताना मान खाली घालून गिअरकडेच बघायची, मग समोर काय आहे ते देव जाणे. रोज रडायची. रोज म्हणायची, उद्यापासून येणार नाही. बाई रोज सकाळी तिच्या दारावर थाप मारायच्या आणि चहाचा कप हातात देऊन म्हणायच्या, ‘‘रड, पण गाडीत बसून रड.’’ सासूबाईंनी मांडी घालायला इतका वेळ लावला की मुलगा म्हणाला, आई मुद्दाम छळतेय. छळत नव्हत्या. कच्च्या माणसाला रस्त्यावर सोडायचं नाही, मग तो घरचा असो की दारचा.

रात्रभर बाईंच्या डोक्यात सुनेचा प्रश्न फिरत राहिला. सकाळी त्या चहा पिता पिता म्हणाल्या, ‘‘चल, बघून तर येऊ तुझी बाबागाडी.’’

शोरूममध्ये गुळगुळीत फरशी, थंडगार हवा आणि टाय लावलेला एक विक्रेता. त्याने बाईंना आधी गिअरवाली गाडी दाखवली, मग बिनगिअरची. गिअरवालीत बसून बाईंनी क्लच दाबून पाहिला. नवा क्लच, लोण्यासारखा. त्यांचा चेहराच उजळला. पण तिसऱ्यांदा दाबताना कपाळावर आठी उमटली. ती सुनेने पाहिली आणि सुनेने पाहिलं हे बाईंनीही पाहिलं. मग त्या मुकाट्याने दुसऱ्या गाडीत जाऊन बसल्या.

विक्रेता शेजारी बसला, सून मागे. ‘‘मॅडम, काही करायचंच नाही. हा दांडा ‘डी’वर ठेवायचा, ब्रेकवरून पाय उचलायचा, बस. गाडी स्वतःच निघते.’’

निघाली. खरंच निघाली, आवाज न करता. बाईंना बरं वाटलं, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. सरळ रस्ता गेला, वळण गेलं, आणि समोर सिग्नल लाल झाला. आता थांबायचं म्हणजे काय करायचं? क्लच दाबायचा! डोक्याला विचारायलाही डावा पाय थांबला नाही. तो उचलला गेला आणि सवयीच्या जागी, सवयीच्या जोराने, खाडकन आदळला. तिथे क्लच नव्हता. तिथे होता ब्रेक, तो सुद्धा नेहमीपेक्षा रुंद, पसरट. गाडी जागच्या जागी अशी थबकली की विक्रेत्याच्या हातातली माहितीपत्रकं काचेवर जाऊन पडली, टाय खांद्यावर गेला, आणि मागच्या स्कूटरवाल्याने बाईंच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

‘‘होतं असं, मॅडम,’’ विक्रेता टाय सरळ करत म्हणाला. त्याचा आवाज मात्र पातळ झाला होता.

परत येताना तेच पुन्हा झालं. आणि शोरूमच्या दारात तिसऱ्यांदा. तोवर विक्रेत्याने दोन्ही हातांनी वरची मूठ पकडून ठेवली होती. बाई खाली उतरल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘घरी चल.’’

घरी आल्यावर मात्र तोंड सुटलं. ब्रेक एवढा रुंद कशाला करायचा? पाय ठेवायला जागा नको? ही काय बसायची तऱ्हा? शिंपीबुवा मशीनवर वाकून काज करत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘नाचता येईना...’’

एवढंच म्हणाले. पुढचं म्हणायची गरजच नव्हती. नवऱ्यावर बाई चिडल्या असत्या, पण त्यांना एकाएकी रडूच फुटलं. ‘‘जित्याची खोड आहे हो ही. मेल्याशिवाय जायची नाही. उद्या मागच्या स्कूटरवर कुणाचं लेकरू असेल. नको. माझं चालवणं संपलं.’’

त्यांनी अक्काला फोन लावला. म्हणाल्या, ‘‘अक्का, आता रविवारचं नक्की नाही बघ. जमेल तसं येईन.’’ ते शब्द आपल्याच तोंडून आले तेव्हा त्यांचे त्यांनाच लागले.

पलीकडून अक्काचा तो खणखणीत आवाज आला, ‘‘उजवा पाय धड आहे ना तुझा?’’

‘‘आहे.’’

‘‘मग डाव्याच्या नावाने गळा काय काढतेस? माझे दोन्ही गेलेत, मी रडतेय का? आणि हे बघ धाकटे, गावाला शिकवलंस ना तू? मग तुला शिकवणारं अख्ख्या गावात एक माणूस निघेना? तुझीच शिकवणी कच्ची म्हणायची!’’ आणि फोन ठेवला.

सून दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी बाईंच्या खोलीच्या दारावर थाप पडली. उघडून बघतात तर सून, हातात चहाचा कप.

‘‘रडायचंय तर रडा, आई. पण गाडीत बसून रडा.’’

हॉस्पिटलातल्या मैत्रिणीची ऑटोमॅटिक तिने मागून आणली होती. गावाबाहेरच्या बाजाराच्या मैदानावर बाजार नसेल त्या दिवशी कुत्रंही नसतं. तिथे दोघी गेल्या. सून शेजारी बसली. या गाडीत तिच्या बाजूला पेडलं नव्हती, जीव मुठीत धरून बसणं एवढंच तिच्या हातात. बाई निघाल्या, थांबायला गेल्या, आणि धाडकन! पुन्हा निघाल्या, पुन्हा धाडकन! ‘‘डावा नको, डावा नको’’ असं त्या स्वतःशीच बडबडत होत्या आणि जितकं बडबडावं तितका डावा पाय पुढे. सुनेच्या मानेला उसण भरली. तरी दुसऱ्या दिवशी ती आलीच, मानेला पट्टा बांधून.

त्या दिवशी तिसऱ्यांदा धाडकन झाल्यावर ती म्हणाली, ‘‘आई, मी गिअरकडे बघायचे तेव्हा तुम्ही काय केलं होतं आठवतं? ‘बघू नको’ सांगून सांगून दमला होतात. मग एक दिवस म्हणालात, समोरच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाच. प्रत्येक गाडीचा. आणि माझं खाली बघणं आपोआप सुटलं.’’

‘‘आठवतं की,’’ बाई म्हणाल्या.

‘‘पायाला ‘नको’ कळत नाही,’’ सून म्हणाली. ‘‘त्याला दुसरं काम देऊ या.’’

काम कुठलं द्यायचं, ते सुचलं मात्र शिंपीबुवांना. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मशीन पुढे ओढलं, जाड कापडाची एक छोटी, घट्ट उशी शिवली, आत कातरणं ठासून भरली आणि खाली चिकटपट्टी लावली. पेडलांच्या डावीकडे कडेला पाय टेकवायची जी जागा असते, तिथे ती बरोबर बसली. माप न घेता! ‘‘चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसतोय,’’ ते म्हणाले. ‘‘पाय कुठे असतो तेवढं ठाऊक आहे. आता तुझ्या पायाला दाबायची हौस आली ना, की ही दाब. हवी तेवढी दाब.’’

आणि काय सांगू, कळच सापडली! थांबायची वेळ आली की डावा पाय उशीवर टेकलेला असायचा, आणि तिथेच दाबायचा. दाबलं की त्याचं समाधान व्हायचं. ब्रेकचं काम उजवा करायचा, धुसफूस न करता. बाईंनी मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. एकदाही धाडकन नाही. मग गाडी थांबवली, ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर टाकली, आणि वाकून दोन्ही हातांनी डावा गुडघा धरला.

‘‘फार राबलास रे बाबा,’’ त्या पायाला म्हणाल्या. ‘‘माझ्यासाठी राबलास, गावासाठी राबलास. मी तुला शिव्याच दिल्या इतके दिवस. आता टेक.’’

सुनेने दुसरीकडे तोंड फिरवलं. तिचा स्वभावच तसा.

मग गाडी घेतली. गिअरवाली की बिनगिअरची, हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढलाच नाही. विक्रेता लांबूनच नमस्कार करून म्हणाला, चक्कर मारायची असेल तर मी इथूनच बघतो. बाई मनापासून हसल्या.

आणि रविवार आला. बाई चालवायला, शेजारी सून, मागे शिंपीबुवा. मुलाचा फोन येऊन गेला, जपून जा म्हणून. डोंगर सुरू झाला तसे बाईंचे ओठ घट्ट मिटले. पाण्याच्या टाकीचं वळण समोर आलं, आणि नशीब बघा, नेमका पुढे ट्रक. नेमका तिथेच तो थांबला. उजवा पाय ब्रेकवर गेला. डावा पाय उशीत रुतला, अगदी पूर्ण. गाडी थांबली, आणि थांबूनच राहिली. मागे मोटारींची रांग लागली. मागच्या आरशात शिंपीबुवा डोळे मिटून बसलेले, जागे असून.

ट्रक हलला. बाईंनी ब्रेकवरून पाय काढून अॅक्सिलेटरवर ठेवला. गाडी बोटभरसुद्धा मागे गेली नाही. वळण आलं तसं गेलं.

पुढे थोडा सरळ रस्ता लागला तेव्हा बाईंना सुनेला विचारायचं होतं, अगं बघितलंस का? म्हणून त्यांनी क्षणभर डावीकडे नजर टाकली.

सून पट्टा लावून, चपला खाली काढून ठेवून, सीटवर ऐसपैस मांडी घालून बसली होती. हात मांडीवर. नजर खिडकीबाहेर. बोलत काहीच नव्हती.

ती केव्हापासून तशी बसली होती कुणास ठाऊक. टाकीच्या वळणाच्या आधीपासून, असं शिंपीबुवांनी नंतर सांगितलं. ज्या गाडीत तिच्या पायाखाली पेडलंच नाहीत तिथे पाय वर घेतले काय नि खाली ठेवले काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याच्यासाठी ती मांडी होती त्याला कळलं.

बाईंच्या डोळ्यांसमोरचा रस्ता पाण्याने भरून गेला. इतकी वर्षं त्यांनी लोकांसाठी मांडी घातली, त्यांच्यासाठी कुणी घातली नव्हती. ‘‘अगं पोरी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुझे उपकार मी...’’

‘‘आधी गाडी बाजूला घ्या,’’ सून खिडकीबाहेर बघतच म्हणाली, ‘‘हँडब्रेक ओढा, मग उपकार माना.’’

बाईंनी मुकाट्याने गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. मग पदराने डोळे पुसले, आणि मग जे काय बोलायचं ते बोलल्या. सुनेला बोलल्या, मागे वळून शिंपीबुवांनाही बोलल्या. ते मी इथे सांगत नाही. बाईंच्या तोंडून इतकं गोड कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि कुणाला खरंही वाटणार नाही.

अक्का खिडकीतच होती, काठीवर हनुवटी टेकून. गाडी दारात लागली, दारं उघडली, तिघं खाली उतरले. अक्काने एकेकाला निरखून पाहिलं.

‘‘काय गं,’’ तिने वरूनच सुनेला हाक मारली, ‘‘गाडी कोणी आणली? तू की हिने?’’

‘‘मला काय विचारता अक्का,’’ सून म्हणाली. ‘‘मी मांडी घालून बसले होते.’’